पन्हाळा वर गेलाच नाही

पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं आहे, असं मी एकदा चहाच्या गाड्यावर सांगितलं. गाड्यावर नेहमीची चारपाच मंडळी होती. त्यातल्या एकानं कप खाली ठेवून विचारलं, "येवढंच व्हय?" मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. पण त्याचा हिशेब चोख होता. हल्ली एखादा उड्डाणपूलसुद्धा पाचशे कोटींच्या खाली बोलत नाही, आणि इथं सगळी पृथ्वी ४५४ कोटींत? शेजारचा बशीतून चहा ओढत म्हणाला, "जुनं टेंडर असंल ते."

त्यांना हसण्यात अर्थ नाही. कोटी हा आकडा आपल्याला भेटतो तो रुपयांत, आणि तेही दुसऱ्याच्या रुपयांत. वर्षांच्या बाबतीत आपली झेप पणजोबांपर्यंत. श्राद्धालासुद्धा तीनच पिढ्यांची नावं घ्यायची असतात हे बरं आहे. चौथं नाव विचारलं असतं तर निम्मं कोल्हापूर भटजींसमोर डोकं खाजवत बसलं असतं.

तशी आम्हा कोल्हापूरकरांना जुनेपणाची हौस भारी. अंबाबाईचं देऊळ तेराशे वर्षांच्या घरातलं, हे पाहुण्याला स्टँडवरून घरी आणतानाच सांगून होतं. पाहुणा तरीही दबला नाही तर ब्रह्मपुरीची टेकडी काढायची. तिथं १९४५-४६ साली उत्खनन झालं, सातवाहन काळातलं गाव निघालं, आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती मिळाली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठी भूमध्य समुद्राकडचा माल येत होता म्हटल्यावर पाहुणा गप्प होतो. सांगलीचा असेल तर जास्तच. पण ही सगळी फुशारकी ज्या दगडावर उभी राहून मारायची त्या दगडाचं वय कुणी विचारत नाही. देवळाचं वय सांगतो, देवळाच्या दगडाचं नाही.

आपल्या परंपरेला मोठ्या काळाची धास्ती कधी वाटली नाही, हे मात्र कबूल करायला हवं. घरात सत्यनारायण असो की वास्तुशांत, गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा एका दमात ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, कलियुग आणि त्याचा पहिला चरण एवढं सगळं ओलांडून ते चालू शकावर, महिन्यावर आणि तिथीवर येतात. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं. त्यातली १९७ कोटींच्या आसपास उलटली, असा पंचांगाचा हिशेब. यजमानाचं लक्ष तेवढ्या वेळात प्रसादाच्या शिऱ्यात केळं पडलं का नाही याकडं असतं. विश्वाच्या पसाऱ्यात स्वतःचा पत्ता इतका तपशीलवार सांगून पुढच्याच क्षणी "पळीभर पाणी सोडा" म्हणणं हे फक्त आपल्याकडंच घडू शकतं. आणि जाता जाता : कलियुग एकूण ४ लाख ३२ हजार वर्षांचं. त्यातली पाच हजारांवर थोडी झाली. तेव्हा "कलियुग संपत आलंय बघा" म्हणणाऱ्या मंडळींनी जरा दम धरावा. अजून सव्वाचार लाखांहून जास्त वर्षं शिल्लक आहेत.

कल्पाची ४३२ कोटी आणि पृथ्वीची ४५४ कोटी, हे आकडे शेजारी शेजारी पडलेले पाहून मोबाईलवर दर महिन्याला एक निरोप फिरतो, की बघा, पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. मला हे पटत नाही. पूर्वजांनी गुणाकार केले, शास्त्रज्ञांनी शिसं आणि युरेनियम मोजलं. उत्तरं जवळ आली हा योगायोग. शिवाय पंचांगाप्रमाणं चालू कल्प निम्मासुद्धा झालेला नाही. पण एक श्रेय द्यायलाच हवं. शून्यांना आपली माणसं भ्याली नाहीत. तिकडं आयर्लंडात जेम्स अशर या आर्चबिशपनं १६५० साली बायबलातल्या वंशावळ्या जोडून जगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ४००४ मधल्या २३ ऑक्टोबरला झाला असं ठरवलं. म्हणजे सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले त्याच्या दहाच वर्षं आधी. त्या हिशेबात पन्हाळ्याचा डोंगर सहा हजार वर्षांचासुद्धा होत नव्हता. पुढं लॉर्ड केल्विनसारख्या थोर भौतिकशास्त्रज्ञानं तापलेली पृथ्वी निवायला लागणाऱ्या वेळावरून वय काढलं, ते आधी दोन कोटी ते चाळीस कोटींच्या मध्ये कुठंतरी, आणि म्हातारपणी दोनचार कोटींवर आणून ठेवलं. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणत होते, अहो, खडक बघा, एवढ्यात नाही बसत. पण त्यांच्याकडं गणित नव्हतं, नुसते डोंगर होते. अखेर १९५६ साली क्लेअर पॅटरसन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं अशनींतलं शिसं मोजून ४५५ कोटी हा आकडा काढला, आणि प्रामाणिकपणे पुढं लिहिलं : सात कोटी इकडंतिकडं.

हे 'सात कोटी इकडंतिकडं' मला फार आवडतं. कारण आपण कोल्हापूर म्हणतो ते, म्हणजे पन्हाळा, जोतिबा, रंकाळ्याचा कातळ, घाटाच्या पायऱ्या, हे सगळं ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचं आहे. पॅटरसननं चुकीसाठी जी जागा सोडली, तीत आमचं हे सगळं कोल्हापूर आरामात मावतं.

माझा एक मित्र भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता. आता निवृत्त आहे. त्याच्याशी मैत्री ठेवायची तर घड्याळ घरी ठेवावं लागतं. "हा डोंगर अलीकडचा," असं तो म्हणतो तेव्हा दहा लाखांपर्यंतची सूट गृहीत धरायची. त्यांच्या न्हाणीघरातला नळ गळतो. वहिनींनी अनेकदा सांगून पाहिलं. तो शांतपणे म्हणतो, पाण्याला खालची फरशी झिजवायला निदान काही हजार वर्षं लागतील, एवढी काय घाई? वहिनींनी शेवटी स्वतः प्लंबर आणला.

त्यानंच मला एकदा हा सगळा काळ पुणे-कोल्हापूर रस्त्यावर मांडून दाखवला. पुस्तकांत हेच चोवीस तासांच्या घड्याळावर किंवा वर्षाच्या कॅलेंडरवर दाखवतात, पण मला त्यातलं काही डोक्यात राहत नाही. रस्ता राहतो. स्वारगेटपासून कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकापर्यंतचं अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढंमागं. ते २२७ धरायचं. म्हणजे एका किलोमीटरला बरोबर दोन कोटी वर्षं. मीटरला वीस हजार. सेंटिमीटरला दोनशे. मिलिमीटरला वीस. स्वारगेटला पृथ्वी जन्मली, कोल्हापूर स्टँडवर आजचा दिवस. बसा गाडीत.

स्वारगेट सोडताना सगळा तप्त गोळा. कात्रजचा घाट चढायच्या आत चंद्र तयार झालेला असतो. मग बराच वेळ खिडकीतून बघण्यासारखं काही नाही. खंबाटकी घाटाच्या आसपास, म्हणजे ३५० कोटी वर्षांपूर्वी, जिवाच्या पहिल्या भरवशाच्या खुणा मिळतात. डोळ्यांना न दिसणारे जीव, शेवाळी थर. आता काहीतरी घडेल म्हणून आपण सावरून बसतो. साताऱ्याला हवेत प्राणवायू साठायला लागतो, हे मान्य. पण त्यापलीकडं काही नाही. कराडला गाडी चहाला थांबते. उतरून पाय मोकळे करावेत, कृष्णा-कोयनेचा संगम बघून यावं. बाहेर अजूनही बहुतेक एकपेशीच. पेठ नाक्यालाही तेच. निम्म्याहून जास्त प्रवास झाला तरी सगळा कारभार डोळ्यांना न दिसणाऱ्यांच्या हातात, आणि त्यांना कुठं पोचायची घाई नाही. मला वाटतं, पृथ्वीच्या इतिहासाचा खरा मुख्य भाग हाच, पुणे ते किणी. आपण ज्याला इतिहास म्हणून चघळतो तो शेवटच्या थांब्यावरचा गोंधळ आहे.

किणीच्या टोलनाक्याच्या आसपास, ५४ कोटी वर्षांपूर्वी, एकदम गर्दी उसळते. शिंपलेवाले, पायवाले, डोळेवाले, कवचवाले. समुद्र भरून जातो. त्यानंतर लवकरच झाडं जमिनीवर चढतात. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास डायनोसॉर येतात. शिरोली ओलांडून, पंचगंगेचा पूल ओलांडून ते आपल्याबरोबर येतात, आणि तावडे हॉटेलच्या चौकापाशी, स्टँड सव्वातीन किलोमीटरवर राहिलेलं असताना, संपतात. म्हणजे पक्षी सोडून सगळे. कोंबडी त्याच घराण्यातली. रविवारी तिचा रस्सा करताना कुणाला हे आठवत नाही आणि आठवून उपयोगही नाही.

आपण, म्हणजे दोन पायांवर चालणारी आणि चहाला थांबणारी ही जात, तीन लाख वर्षांची. पंधरा मीटर. गाडी स्टँडच्या फाटकातून आत वळत असते. शेती फलाटाजवळ, पन्नाससाठ सेंटिमीटर राहिले असताना. ब्रह्मपुरीचा पोसायडन दहा सेंटिमीटरवर. अंबाबाईचं देऊळ साडेसहा. पन्हाळ्याचा वेढा दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. राजर्षी शाहू महाराजांची २८ वर्षांची कारकीर्द, म्हणजे शाळा, वसतिगृहं, राधानगरीच्या धरणाचं काम, खासबागेचं कुस्तीचं मैदान, असं सगळं मिळून, दीड मिलिमीटरच्या आत. एवढ्या जागेत एवढं काम बसवणारा माणूस मोठाच. उरलेले आम्ही सगळे तीनचार मिलिमीटरचे धनी, आणि त्यातही वामकुक्षी घेणारे.

सध्या या रस्त्याचं सहापदरीकरण चालू असल्यामुळं दोन कोटी वर्षं जायला कधीकधी अर्धा तास लागतो. अशा वेळी गाडीतल्या माणसांना भूगर्भीय काळाची जी जाणीव होते ती कुठल्याच पुस्तकानं होणार नाही.

आता तावडे हॉटेलपाशी परत येऊ, कारण आपला दगड तिथला. तिथं नेमकं काय झालं? जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा वर आला. शंकूसारखा डोंगर, त्याच्या डोक्यातून धूर, असलं चित्रातलं काही नव्हे. भेगांतून पूर आला. एक थर निवायचा, त्यावर दुसरा. आज उरलेला पसारा पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे, मूळ याहून बराच मोठा होता. सह्याद्रीच्या बाजूला थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. आंध्रात राजमहेंद्रीजवळ असाच लाव्हा सापडतो. तो इकडूनच, सह्याद्रीच्या भागातून हजारएक किलोमीटर वाहत गेला असावा, असं संशोधकांचं मत आहे. आणि दोन पुरांच्या मध्ये हजारो वर्षं सामसूम. कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात बघा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा आडवा गेलेला दिसतो. तो आधीच्या थराची झालेली माती. म्हणजे तेवढ्या काळात तिथं पाऊस पडला, झाडोरा उगवला, जरा बरे दिवस आले असं वाटेपर्यंत पुन्हा वरून पूर. आपण त्या पट्ट्याजवळ गाडी थांबवतो ती भाजलेल्या कणसासाठी.

या काळ्या थरांच्या खाली काय आहे, हेही आता ठाऊक झालंय. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ चा, जुन्या कोल्हापूरकरांना अजून आठवतो. पहाटे अंथरुणातून उठून सगळे अंगणात धावले होते. त्या भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात गोठणे इथं २०१७ साली तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर हाच काळा कातळ. त्याखाली एकदम ग्रॅनाइटी खडक, अडीचशे कोटींच्या घरातला. रस्त्याच्या हिशेबात सांगायचं तर वर तावडे हॉटेल आणि त्याच्या खाली थेट सातारा. कराड, पेठ नाका, किणी, सगळं गायब. तेवढ्या काळातलं जे काही तिथं साचलं असेल ते झिजून वाहून गेलं. दफ्तरातली मधली पानं फाटलेली असावीत आणि फाडणाऱ्याचा पत्ता लागू नये, असला प्रकार. सरकारी कचेरीत ज्यानं जमिनीचे जुने उतारे शोधलेत त्याला याचं नवल वाटणार नाही.

आणखी एक. हा लाव्हा आला तेव्हा कोल्हापूर इथं नव्हतं. विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होतं, आज जिथं रियुनियन बेट आहे त्या भागात. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपण तिथून निघून चारएक हजार किलोमीटर उत्तरेला आलो. एरवी कोल्हापूरचा माणूस गाव सोडत नाही. पुण्यात नोकरी लागली तरी शनिवारी रात्रीची गाडी पकडतो, आणि मुलगी देताना "कोल्हापुरातच बघा" म्हणतो. अशा माणसाचं सगळं गाव, तालमी आणि तळ्यांची जागा धरून, विषुववृत्त ओलांडून आलंय हे त्याला सांगावं कसं? आजही दर वर्षाला पाचएक सेंटिमीटर उत्तरेकडं सरकणं चालूच आहे. चहाच्या गाड्यावर हे सांगितल्यावर एक जण खूश झाला. म्हणाला, "म्हंजे दिल्ली जवळ येत्या की!" नाही येत. दिल्लीही तेवढीच पुढं सरकते.

दगड बघायला मात्र घाटात जायची गरज नाही. आमच्या घरी एक पाटा आहे. आजीच्या सासूचा. मिक्सर आल्यापासून तो मागच्या अंगणात भिंतीला टेकून असतो. पण मटणाचं वाटण करायचं असलं की आई अजूनही तोच आडवा करायला लावते. मिक्सरमध्ये खोबरं नुसतं तुटतं, वाटलं जात नाही, असं तिचं म्हणणं. गल्लीत "पाट्याला टाकीऽऽ" अशी हाक आली की तो बाहेर काढायचा. टाकी लावणारी बाई उकिडवी बसते, पाटा दोन्ही पायांत धरते, आणि छिन्नी-हातोडीनं बारीक ठिपके मारत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते. ठिपक्यांची रांग कुठं वाकडी होत नाही. एकदा मी तिच्या शेजारी बसून नीट पाहिलं. ताज्या टाकीखाली दगड राखाडी-निळसर निघतो, आणि उन्हात त्यात पांढरट बारीक तुसं चमकतात. ते फेल्डस्पार नावाच्या खनिजाचे स्फटिक, लाव्हा निवताना तयार झालेले. एका कोपऱ्याला ज्वारीच्या दाण्याएवढी दोनतीन भोकं आहेत. मला लहानपणी वाटायचं, कुणीतरी पाडलीत. ते लाव्हातले वायूचे बुडबुडे. वर येऊन फुटायच्या आत दगड घट्ट झाला आणि ते आत अडकले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो बुडबुडा फुटायचा राहिला, त्याच्यात आमच्या घरी लसूण अडकतो, आणि तो काडीनं काढायचं काम कायम माझ्याकडं.

टाकी लावून झाली की पहिलं वाटण टाकून द्यायचं असतं. मूठभर तांदूळ वाटायचे, कच निघून जाते. पण सगळी थोडीच जाते? दुसऱ्या दिवशीच्या तांबड्या रश्श्यातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळ थोडाफार पोटात गेलाच असणार. कुणाला त्रास झालेला नाही. रश्श्यातलं तिखट त्याहून जालीम.

तर या सगळ्या थरांना भूवैज्ञानिकांनी नावं ठेवलीत. जिथं थर नीट दिसतो त्या गावाचं नाव थराला. खालून वर जायचं तर जव्हार, इगतपुरी, मग बरीच मधली सोडून खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर आणि त्याच्यावर पन्हाळा. पन्हाळ्याच्या वर बेळगावकडचं देसूर. म्हणजे पन्हाळा हे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत छापलेलं आहे, आणि तिथं ते किल्ल्याचं नसून काळाच्या एका तुकड्याचं आहे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छाती फुगली. मित्र म्हणाला, "फुगवू नको. तुझा थर जवळजवळ शेवटचा. सगळं आटपत आल्यावर आलेला." २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एकाच अंकात दोन संशोधनं आली. एक प्रिन्स्टनच्या मंडळींचं, एक बर्कलेच्या. दोघांनीही आपल्याच सह्याद्रीतून नमुने नेले होते. एकांनी थरांमधल्या झिरकॉन खनिजाचं वय काढलं, दुसऱ्यांनी लाव्हाचंच. प्रश्न असा की मेक्सिकोजवळ तो प्रचंड अशनी पडला आणि डायनोसॉर गेले, त्या घटनेच्या आधी आपला लाव्हा किती आला आणि नंतर किती? दोघांची उत्तरं जुळली नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गोष्टीत काही हजार वर्षांचा वाद. मला यात आपल्याकडच्या बांधाच्या भांडणाचीच जिद्द दिसली, फक्त इथं कुणी कुणावर काठी उगारली नाही.

मित्राला घेऊन पन्हाळ्याला जायचं म्हणजे पायथ्यापासूनच व्याख्यान. वाघबीळ सोडलं की तो सांगायला लागतो. आपण पन्हाळ्याला म्हणतो 'उंच', 'वर गेलेला', 'उभा'. कवी लोक तर त्याला मान ताठ करायला लावतात. पण पन्हाळा वर गेलाच नाही. तो जागच्या जागी आहे. आजूबाजूचं सगळं खाली गेलं. समोरचा जोतिबा, पलीकडं मसाईचं पठार, इकडं पन्हाळा. माथे बघा, सगळे सपाट आणि उंचीला एकमेकांच्या आसपास. सगळ्यांच्या डोक्यावर जांभा, म्हणजे लाखो वर्षं पावसात भिजून, मुरून, धुवून निघालेला हाच लाव्हा. त्यातलं वाहून जाण्याजोगं सगळं गेलं, लोखंड आणि अॅल्युमिनियम राहिलं. लोखंडानं तो तांबडा झाला. आणि अॅल्युमिनियम जिथं जास्त साठलं तिथं बॉक्साइट, जसं राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाडला. कधीकाळी ही पठारं एकच जमीन होती. मधली खोरी नद्यांनी कोरून नेली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांनी, आणि ज्या वाहायच्या थांबल्या त्यांनी. आपण ज्याला खोरं म्हणतो, ऊस लावतो, गुऱ्हाळ घालतो, ती सगळी नेलेल्या डोंगराची रिकामी जागा.

हे त्यानं सांगितलं तेव्हा मला पंचगंगेचा पूर निराळाच दिसायला लागला. पावसाळ्यात आमच्या गावाचं सगळं बोलणं राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर चालतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी पंचावन्न फुटांच्याही पुढं गेलं. शाळकरी पोरंसुद्धा सकाळी उठून "किती फूट?" विचारतात. पण त्या पाण्याचा रंग काय, हे कुणी विचारत नाही. तो चहासारखा तांबूस असतो, कारण त्यात डोंगर विरघळलेला असतो. पन्हाळा आणि गगनबावडा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतात आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातात. दर वर्षी, न चुकता, तिकिटाशिवाय. आपण पाणी ओसरल्यावर घरातला गाळ फावड्यानं ओढतो आणि नदीला शिव्या देतो. तो गाळ म्हणजे अर्ध्या वाटेत उतरलेला डोंगर आहे, हे त्या घटकेला कुणाला सांगू नये. मी एकदा शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा पन्हाळ्याला गेलो होतो. तटाकडं एका बाजूला पिठलं-भाकरी विकणारी एक आजी बसलेली. चुलीवर भाकरी, शेजारी खरडा, दह्याचं गाडगं. आम्ही दोघं जवळच्या एका धोंड्यावर टेकलो. मित्रानं धोंड्यावर हात फिरवला, आणि आता हा थांबणार नाही हे मी ओळखलं. त्यानं आजींना सांगायला सुरुवात केली. हा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, अमेरिकेतली मोठमोठी विद्यापीठं याचा अभ्यास करतात, जगाच्या पुस्तकात याला पन्हाळ्याचं नाव आहे, आणि त्याच्यावर हा जांभा तयार व्हायला किती लाख वर्षं लागली असतील ते बघा. आजींनी भाकरी उलटली. ऐकत होत्या, नाही असं नाही.

"असंल की," त्या म्हणाल्या. "पर त्या धोंड्यावर बसू नगासा. सरकतोय त्यो. गेल्या पावसात त्याच्या शेजारचं दोन खाली गेल्यात."

आमच्यात सगळ्यात आधी उठला तो भूगर्भशास्त्रज्ञ.